चोंदलेली जाळी

मोरिवलीच्या माणसाला 'कॅटॅलिस्ट' हा शब्द पुस्तकातून शिकावा लागत नाही. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांना लागून हे गाव आहे, आणि इथल्या अनेक घरांतले कोणी ना कोणी रिॲक्टरवर पाळी करून आलेले असते. कॅटॅलिस्ट महाग असतो, क्रिया घडवून आणतो पण स्वतः खर्ची पडत नाही, नको त्या पदार्थाचा संपर्क झाला की मात्र 'मरतो' आणि मग अख्खी बॅच अडते, एवढे ज्ञान त्याला पगाराबरोबरच मिळालेले असते. मराठी परिभाषेने त्याला 'उत्प्रेरक' असे नेमके नाव दिले आहे.

हाच माणूस पाळी संपवून ज्या वाहनाने घरी जातो, त्याच्या पोटाखालीही तसाच एक छोटा रिॲक्टर लटकत असतो. त्याचे कंपनीतले नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. गॅरेजमध्ये त्याला कोणी 'कॅटकॉन' म्हणते, कोणी नुसते 'जाळी'. गाडी चढावर दम टाकू लागली, ॲक्सिलरेटर दाबूनही पुढे सरकेना, की मेकॅनिक खाली वाकून बघतो आणि निकाल देतो: जाळी चोंदली. त्यानंतर गाडीमालकापुढे तीन पर्याय येतात. जाळी धुऊन घ्यायची, नवी बसवायची, किंवा फोडून टाकायची.

हा निर्णय वरवर पाहता एका गाडीमालकाच्या खिशापुरता आहे. पण जाळी कशामुळे चोंदते हे शोधत गेले की आपण इंजिनात, पेट्रोल पंपावर, न्यायालयात, मनमाडच्या तेल डेपोपाशी आणि शेवटी वालधुनी नदीच्या काठावर येऊन पोहोचतो. प्रस्तुत लेखात तोच माग काढला आहे.

जाळीत काय घडते

कन्व्हर्टरचे पोलादी कवच कापले तर आत मधमाशीच्या पोळ्यासारखी दिसणारी सिरॅमिकची वीट निघते. तिच्यात धुराच्या दिशेने जाणाऱ्या असंख्य बारीक सरळ नळ्या असतात. एका चौरस इंचात चारशे नळ्या हे नेहमीचे प्रमाण. ही वीट कॉर्डिएराइट नावाच्या पदार्थाची असते. त्यात मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका यांची ऑक्साइडे असतात. तापल्यावर ते फारच थोडे प्रसरण पावते, म्हणून रोज तापण्या-निवण्याचा मारा सहन करू शकते. नळ्यांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खरबरीत लेप असतो. हा लेप इतका सच्छिद्र असतो की त्याच्या आतल्या-बाहेरच्या सगळ्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ मांडले तर एक-दोन फुटबॉल मैदाने सहज झाकली जातील. त्या लेपावर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या धातूंचे डोळ्यांना न दिसणारे कण विखुरलेले असतात. सगळे मिळून वजन अवघे काही ग्रॅम.

इंजिनातून येणाऱ्या धुरात तीन त्रासदायक घटक असतात. अर्धवट जळालेल्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड येतो, न जळालेले हायड्रोकार्बन येतात, आणि अतिउष्णतेत हवेतल्याच नायट्रोजनपासून नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. प्लॅटिनम आणि पॅलॅडियम पहिल्या दोघांची ऑक्सिजनशी गाठ घालून त्यांचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतात. ऱ्होडियम तिसऱ्यातला ऑक्सिजन काढून घेऊन साधा नायट्रोजन मोकळा करतो. तीन घटकांवर एकाच वेळी काम होते, म्हणून याला त्रिमार्गी कन्व्हर्टर म्हणतात.

या कामाला दोन अटी आहेत. पहिली उष्णतेची. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याखेरीज उत्प्रेरक जागाच होत नाही. दुसरी अट मापाची. एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, वजनाने, हे प्रमाण इंजिनाला काटेकोर सांभाळावे लागते. त्यासाठी धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. तो धूर हुंगून इंजिनाच्या संगणकाला सांगतो आणि संगणक क्षणाक्षणाला पेट्रोल कमी-जास्त करतो. म्हणजे कन्व्हर्टर हा सायलेन्सरसारखा सुटा डबा नाही. इंजिन, इंधन, सेन्सर आणि जाळी ही एकच साखळी आहे, आणि तिच्यातली मागची कडी बिघडली की त्याचा भार शेवटच्या कडीवर, म्हणजे जाळीवर येतो.

शिशाशी वैर

या यंत्राचा जनक यूजीन हूद्री हा फ्रेंच अभियंता. १९३० च्या दशकात त्याने खनिज तेलाचे उत्प्रेरकाच्या साहाय्याने विघटन करून चांगले पेट्रोल मिळवण्याची पद्धत विकसित केली. पुढे अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराला धुरक्याने ग्रासले. तिथल्या आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास हे धुरके मोटारींच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तयार होते, हे दाखवून दिले. ज्याने पेट्रोल वाढवले त्यानेच मग त्याचा धूर शुद्ध करण्याचे मनावर घेतले. हूद्रीने मोटारींसाठी उत्प्रेरक शुद्धियंत्र तयार केले, पण ते रस्त्यावर टिकेना. कारण पेट्रोलमध्ये शिसे होते.

इंजिनाची ठोठ थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची युक्ती थॉमस मिजली याने १९२१ मध्ये शोधली होती, आणि ती जगभर रूढ झाली होती. धुरातले शिसे प्लॅटिनमच्या कणांवर जाऊन बसे आणि थोड्याच टाक्यांत उत्प्रेरक निकामी होई. हूद्री १९६२ मध्ये वारला, तेव्हा त्याचे यंत्र मोटारींना लागलेले नव्हते. अमेरिकेने १९७० मध्ये स्वच्छ हवेचा कडक कायदा केला, सिरॅमिकची पोळ्यासारखी वीट तयार झाली, आणि १९७५ च्या मॉडेलपासून कन्व्हर्टर सर्रास बसू लागले. त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोलही पंपावर आणावे लागले. मुलांच्या मेंदूला शिसे घातक आहे, असे डॉक्टर ओरडून सांगत होते तेव्हा जे झाले नाही, ते एका यंत्राला शिसे चालत नाही म्हटल्यावर सुरू झाले. माणसापेक्षा यंत्राची तक्रार लवकर ऐकली गेली, असे म्हणावे लागते.

आपल्याकडे हे वळण १९९५ मध्ये आले. एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेच्या ओघात वाहनांच्या धुराचा प्रश्न ऐरणीवर आला होता. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि तिथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. ते देशभर पोहोचायला मात्र १ फेब्रुवारी २००० ही तारीख उजाडली.

मधल्या पाच वर्षांतली गोम इथेच आहे. मुंबईत घेतलेली कोरी मोटार मुंबईत राहत नाही. ती गणपतीला कोकणात जाते, लग्नाला खानदेशात जाते, देवदर्शनाला पंढरपूरला जाते. जिथे शिसेविरहित पेट्रोल पोहोचलेले नव्हते तिथे टाकी भरली की नव्या जाळीवर शिशाचा थर चढलाच. गाडी चालत राही, काही आवाज होत नसे, म्हणून मालकाला पत्ताही लागत नसे. जाळी जागेवर, पण मेलेली. शहरापुरता नियम आणि राज्यभर फिरणारी चाके, यांचा मेळ बसत नाही, हा धडा त्या काळाने दिला.

जाळी का चोंदते

शिसे गेले, पण जाळीचे शत्रू संपले नाहीत. ते चार प्रकारांत मांडता येतात.

पहिला शत्रू काजळी. छोट्या अंतराचा रोजचा प्रवास हे तिचे मूळ. घर ते स्टेशन, स्टेशन ते बाजार, मध्ये फाटक आणि वाहतुकीचा खोळंबा. अशा फेऱ्यांत जाळी पुरती तापतच नाही. थंड इंजिन पेट्रोल जास्त पिते, आणि त्याची काजळी नळ्यांत साचत जाते. एअर फिल्टर गच्च भरलेला असेल किंवा ऑक्सिजन सेन्सर आळशी झाला असेल तर हे आणखी वेगाने होते.

दुसरा शत्रू मिसिंग. एखाद्या सिलिंडरचा स्पार्क प्लग किंवा कॉइल बिघडली की तिथले पेट्रोल न जळताच धुराच्या नळीत जाते आणि तापलेल्या जाळीत पेट घेते. मग जाळीतले तापमान हजार अंशांच्या पलीकडे जाते आणि कवच बाहेरून लालबुंद दिसू लागते. १४५० अंशांच्या आसपास कॉर्डिएराइट वितळते. वितळलेल्या नळ्या एकमेकींत मिसळून दगडासारखा गोळा होतो, आणि धुराची वाट बंद. आपल्या दोन जुन्या सवयी इथे घातक ठरतात. एक, बंद पडलेली गाडी धक्का मारून सुरू करणे. दुसरी, कुठला सिलिंडर मारत नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनाची एकेक प्लगची वायर काढून बघणे. कार्ब्युरेटरच्या जमान्यात या दोन्ही युक्त्या निर्धोक होत्या. जाळीच्या गाडीत दोन्हींमुळे कच्चे पेट्रोल थेट जाळीवर जाते.

तिसरा शत्रू तेल. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की इंजिन ऑइल जळू लागते. झीज रोखण्यासाठी तेलात जस्त आणि फॉस्फरस असलेले संयुग घातलेले असते. ते जळून त्याचा काचेसारखा थर उत्प्रेरकावर चढतो. हेड गॅस्केट गळत असेल तर कूलंटमधली रसायने तेच काम करतात.

चौथा शत्रू बाहेरचा मार. आपल्या भागातल्या रस्त्यांवर खड्ड्यात गाडी आपटणे नवे नाही, आणि वीट सिरॅमिकची आहे. पावसाळ्यात तापलेला कन्व्हर्टर एकदम पाण्यात बुडाला तर गरम काचेवर थंड पाणी पडल्यावर जे होते ते होऊ शकते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. ज्या परिसरात रेल्वेगाडी अडकते तिथे मोटारींचे काय होत असेल, हे सांगायला नको. तडकलेल्या विटेचे तुकडे सुटून खुळखुळू लागतात, आडवे पडतात आणि वाट अडवतात.

मनमाडची आठवण

या चार शत्रूंना मदत करणारा पाचवा आहे, आणि त्याच्यावर गाडीमालकाचा काहीच ताबा नाही. तो म्हणजे भेसळ. पेट्रोलमध्ये रॉकेल किंवा स्वस्त द्रावक मिसळले की इंजिनाची ठोठ वाढते, ज्वलन अपुरे राहते, आणि न जळालेला भाग जाळीला गिळावा लागतो. रेशनचे रॉकेल सवलतीच्या दरात असे, पेट्रोल महाग असे, आणि या दोन दरांमधल्या फरकात भेसळीचा सगळा धंदा उभा होता. सवलतीचे रॉकेल ओळखू यावे म्हणून त्याला निळा रंग दिला जाई. पण रंग बघायला कोणीतरी टँकर उघडावा लागतो.

मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी ते धाडस केले. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मनमाडजवळ पानेवाडी परिसरात तेलाची चोरी आणि भेसळ त्यांच्या नजरेस पडली. त्यांनी गाडी थांबवून हस्तक्षेप केला, आणि त्यांना भर दिवसा जिवंत जाळण्यात आले. त्याआधी नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरी इथे इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी एस. मंजुनाथ यांचा, भेसळीच्या संशयावरून पंपावर कारवाई केली म्हणून, खून झाला होता.

जाळी चोंदली म्हणून गॅरेजात बसलेल्या माणसाला या दोन नावांची आठवण व्हावी, असे मला मनापासून वाटते. आपण ज्याला 'पार्ट खराब झाला' म्हणतो, त्याच्या मागे कधी कधी एखाद्या प्रामाणिक अधिकाऱ्याने अडवू पाहिलेला टँकर असतो.

निदान: दोन वेगळे आजार

गॅरेजात सर्वांत मोठा घोटाळा होतो तो दोन आजार एकच समजण्यामुळे. जाळी 'मरणे' वेगळे आणि 'चोंदणे' वेगळे. मेलेल्या जाळीतून धूर आरपार जातो, गाडी छान पळते, फक्त शुद्धीकरण होत नाही. चोंदलेल्या जाळीत धूर अडतो आणि इंजिन गुदमरते.

डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला आणि स्कॅनरने पी-०४२० हा संकेत दाखवला, तर त्याचा अर्थ जाळीची कार्यक्षमता कमी वाटते एवढाच आहे. जाळीच्या पुढचा आणि मागचा अशा दोन ऑक्सिजन सेन्सरांच्या नोंदी संगणक ताडून बघतो. दोन्ही सारख्या हलू लागल्या की तो हा संकेत देतो. पण मागचा सेन्सर खराब असला किंवा सायलेन्सरच्या जोडात गळती असली तरी तोच संकेत येतो. उलट, पुरती चोंदलेली जाळी हा संकेत देईलच असे नाही. म्हणून नुसत्या संकेतावरून जाळी बदलणे म्हणजे तापमापी बघून शस्त्रक्रिया करण्यासारखे आहे.

चोंदलेली जाळी ओळखण्याच्या खात्रीच्या पद्धती साध्या आहेत. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात दाबमापक लावायचा. गाडी उभ्या जागी चालू असताना दाब साधारण दीड पीएसआयच्या आत, आणि इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर ठेवले असता तीन पीएसआयच्या आत असावा, असा कार्यशाळांतला ढोबळ नियम आहे. त्याहून वर काटा चढत राहिला तर वाट अडलेली आहे. दुसरी पद्धत इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावण्याची. फेऱ्या वाढवून स्थिर ठेवल्यावर काटा हळूहळू खाली घसरू लागला तर धूर बाहेर पडत नाही, हे निश्चित. रबरी हातोड्याने कवचावर हलके ठोकले आणि आत खुळखुळ ऐकू आली तर वीट फुटली आहे. या तपासण्यांना तासाभराहून जास्त वेळ लागत नाही.

धुणे की बदलणे

धुण्याने काय जाते आणि काय जात नाही, हे आता वाचकाच्या लक्षात आले असेल. काजळी कार्बनची असते आणि कार्बन जळतो. चोंदणे सुरुवातीचे असेल, इंजिन निरोगी असेल, तर महामार्गावर अर्धा-पाऊण तास सलग, जरा चढ्या फेऱ्यांवर गाडी चालवल्याने बरीच काजळी जळून जाते. टाकीत ओतायच्या बाटल्यांचा उपयोग झालाच तर याच मर्यादेत होतो. जाळी उतरवून साबणाच्या कोमट पाण्यात भिजवणे आणि उलट्या दिशेने पाणी मारणे, यानेही सैल काजळी आणि राख निघते. पण पाण्याचा मारा जोराचा असेल तर ॲल्युमिनाचा लेपच उखडतो, आणि तीव्र आम्ल वापरले तर मौल्यवान धातू त्या पाण्याबरोबर निघून जातात. नळ्या मोकळ्या दिसतात, गाडीही पळू लागते, परंतु आतला उत्प्रेरक गेलेला असतो.

वितळलेली वीट कोणत्याही द्रवाने उघडत नाही. फुटलेली वीट जोडता येत नाही. अतिउष्णतेने प्लॅटिनमचे बारीक कण एकत्र येऊन मोठे झाले की त्यांचा उपयोगी पृष्ठभाग घटतो, आणि तो धुऊन परत येत नाही. फॉस्फरसचा आणि शिशाचा थर साबणाला दाद देत नाही. या सगळ्यांत बदलणे हाच मार्ग उरतो.

बदलण्याचाही क्रम आहे. आधी कारण दुरुस्त करायचे, मगच जाळी. मिसिंग करणाऱ्या किंवा तेल जाळणाऱ्या इंजिनाला नवी जाळी लावणे म्हणजे फुटक्या पाइपाखाली नवा गालिचा अंथरणे. प्लग, कॉइल, इंजेक्टर, सेन्सर आणि तेलाचा खप हे तपासल्याशिवाय नवा भाग मागवू नये. मूळ कंपनीची जाळी महाग असते. बाजारातल्या पर्यायी जाळ्या स्वस्त असतात, कारण अनेकींत मौल्यवान धातूंचे प्रमाण कमी असते. त्या घ्यायच्याच तर आपल्या गाडीचा उत्सर्जन टप्पा, म्हणजे बीएस-४ की बीएस-६, सांगून त्यासाठीचीच आहे याची लेखी खातरजमा करावी.

आणि जाळी धुतल्यावर निघालेले काळे पाणी कुठे जाते? आपल्याकडे बहुतेक गॅरेजांच्या दारात गटार असते. त्या पाण्यात धातूंचे कण, राख आणि तेल असते. गटार नाल्याला मिळते, आणि अंबरनाथ-उल्हासनगरचे नाले वालधुनीला.

तिसरा मार्ग

तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त. कवच कापायचे, वीट छिन्नीने फोडून काढायची, रिकामा डबा परत वेल्ड करायचा. बाहेरून काहीच कळत नाही. संगणकाने तक्रार करू नये म्हणून मागच्या सेन्सरखाली एक लांब नळी बसवून त्यालाही फसवले जाते.

आमच्या भागात शाळेची मुले ने-आण करणाऱ्या एका व्हॅनचालकापुढे हा प्रश्न आला. गाडी पाचवीला पुजलेल्या उताराशिवाय कुठे चढेना. मेकॅनिकने सहज विचारले, "दादा, जाळी फोडून देऊ का? काही शेकड्यांत काम होईल." नवीचा भाव त्याच्या कित्येक महिन्यांच्या हप्त्याएवढा होता. मी तिथे होतो, म्हणून इतकेच विचारले की ती चोंदली कशाने. तपासल्यावर एक कॉइल मरायला टेकलेली निघाली. जाळी फोडली असती तरी ती कॉइल तशीच राहिली असती, आणि न जळालेले पेट्रोल त्या डब्यातून सरळ मागे सुटले असते. शाळा सुटताना व्हॅन चालू ठेवून उभी असते आणि मुले मागच्या दारातून चढतात. सायलेन्सरचे तोंड आणि सात वर्षांच्या मुलाचे नाक यांत किती अंतर असते, हे एकदा उभे राहून बघावे. चालकाने ते बघितलेले होते, त्याला सांगावे लागले नाही. त्याने कॉइल बदलली. जाळीसाठी पालकांकडे एका महिन्याची फी आगाऊ मागितली. काहींनी दिली, काहींनी फी आधीच जास्त असल्याचे ऐकवले. उरलेले त्याने उसने घेतले.

कायदा इथे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली प्रदूषणाच्या निकषांचा भंग करणारे वाहन चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल मोटारींना पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. पण पीयूसीच्या यंत्रात नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत. म्हणजे ऱ्होडियमचे काम चालू आहे की नाही, हे रस्त्यावरच्या गाडीत कोणी तपासत नाही. तिथे मालकाच्या मनावरच सगळे अवलंबून आहे.

आपल्या भागाला हा प्रश्न नवा नाही, फक्त त्याचे रूप वेगळे आहे. कारखान्याने सांडपाण्यावर प्रक्रिया केली तर खर्च कारखान्याचा. न करता सोडले तर खर्च नदीकाठच्या माणसाचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनीत टँकरमधून घातक रसायन सोडले गेले आणि शेकडो लोकांना श्वास घेणे अवघड झाले, दवाखाने भरून गेले. त्या वेळी आपण सगळे संतापलो, आणि ते योग्यच होते. रिकामा केलेला कन्व्हर्टर हा त्याच हिशेबाचा लहान आकडा आहे. प्रक्रिया टाळून वाचवलेले पैसे आपल्या खिशात आणि न केलेल्या प्रक्रियेचा खर्च शेजाऱ्याच्या फुप्फुसात. फरक इतकाच की टँकर एक असतो आणि गाड्या हजारो.

भंगारातले प्लॅटिनम

फोडून काढलेली वीट फेकली जात नाही. भंगाराच्या धंद्यात तिला वेगळा भाव आहे. जगातले बहुतांश प्लॅटिनम आणि ऱ्होडियम दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून येते, आणि पॅलॅडियमचा मोठा वाटा रशियातून. पुरवठा थोड्या हातांत असल्याने भाव प्रचंड हेलकावे खातात. मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव एका औंसाला, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमला, २९,००० डॉलरच्या आसपास गेला होता, सोन्याच्या कितीतरी पट. त्यामुळेच जगभर उभ्या गाड्यांखालून कन्व्हर्टर कापून नेण्याचे प्रकार वाढले.

म्हणून जुनी जाळी गॅरेजात 'राहू दे' म्हणून सोडून येऊ नये. तिचे मूल्य नव्याच्या किमतीतून वजा करून मागण्याचा मालकाला हक्क आहे. ती नोंदणीकृत पुनर्चक्रीकरणाकडे गेली तर तिच्यातले धातू पुन्हा नव्या जाळीत येतात. उघड्यावर हातोड्याने फोडली तर त्या सिरॅमिकची बारीक पूड फोडणाऱ्या पोराच्या छातीत जाते.

हूद्रीच्या यंत्राला शिसे चालत नव्हते, म्हणून जगाला पेट्रोल बदलावे लागले. आपल्या गाडीखालची जाळीही तेच सांगत असते: मला काय पाजता ते बघा. पुढच्या वेळी गॅरेजात जाळी चोंदल्याचा निकाल मिळाला, तर 'किती खर्च येईल' हे विचारण्याआधी 'कशाने चोंदली' हे विचारावे. कॉइल निघेल, तेल निघेल, पंपाची पावती तपासावीशी वाटेल, किंवा रोजची दोन किलोमीटरची फेरी सायकलवर न्यावीशी वाटेल. उत्तर काहीही निघो, ते मिळेपर्यंत छिन्नी हातात घेऊ देऊ नये.